तणावातून आलेला थकवा आणि निसर्गाच्या सान्निध्यातील पुनर्वसन : पुण्यात हे कसे करता येईल?

जाईची_वेल

नमस्कार. हा प्रश्न लिहायला मला चार दिवस लागले, कारण एका वेळी सात-आठ ओळींपेक्षा जास्त लिहिले की डोके जड होते आणि शब्द सुचेनासे होतात. त्यामुळे मजकूर विस्कळीत वाटला तर समजून घ्यावे.

मी ४४ वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते आणि १९ वर्षांपासून बँकेत नोकरी करते. गेली तीन वर्षे शाखेत माणसे कमी आहेत, वसुलीचे उद्दिष्ट दर तिमाहीला वाढते आहे आणि घरी सासूबाई अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आहेत. यंदा मार्चअखेरच्या आठवड्यात एका खातेदाराचा मुदतठेवीचा अर्ज माझ्यासमोर होता. अक्षरे दिसत होती, आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थच लागेना. तो अर्ज हातात धरून मी किती वेळ बसले होते ते मला आठवत नाही. शेवटी आमच्या शिपाईमामांनी तो हळूच काढून घेतला आणि मला पाणी आणून दिले. त्या दिवसापासून मी रजेवर आहे.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सगळे जागच्या जागी आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या मते ही दीर्घकाळच्या ताणातून आलेली शक्तिहीनता आहे, आणि केवळ आठवडाभर झोप काढून ती जाणार नाही. झोपेसाठी औषध आणि आठवड्यातून एकदा समुपदेशन सुरू आहे.

घरच्यांनी, अगदी मायेने, 'रोज पहाटे पर्वती चढ म्हणजे तरतरी येईल' असा आग्रह धरला. माझे दीर सोबत येत आणि घड्याळात वेळ मोजत. कालच्यापेक्षा आज किती मिनिटे कमी लागली ते सांगत. पाच दिवस मी त्या १०३ पायऱ्या चढले. सहाव्या दिवशी उठून बसणेही जमेना, आणि पुढचे दहा दिवस कुकरच्या शिट्टीनेसुद्धा छातीत धडधड होत असे.

याच काळात मी स्वीडनमधल्या उपचार-बागांविषयी वाचले. तेथे माझ्यासारख्या रुग्णांना काही आठवडे बागेत नेऊन बरे करतात, असे त्यात होते. माझा प्रश्न असा की तेथे नेमके काय करतात, पर्वती चढण्यापेक्षा ते वेगळे कसे, आणि पुण्यात राहून त्यातले काही करता येईल का? इथल्या कोणी हा अनुभव घेतला असल्यास जरूर सांगावे.

खुरपे_झारी

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी रुग्णांना मदत करते, आणि पुण्यातच काम करते. तुमचा प्रश्न वाचून सर्वांत आधी एक सांगावेसे वाटते : पर्वतीने तुमचे नुकसान केले नाही, घड्याळाने केले. ज्या माणसाची शक्ती मोजमापाखाली आणि उद्दिष्टांखाली दबून संपली आहे, त्याला आणखी एक उद्दिष्ट दिले तर शरीर ते ताण म्हणूनच स्वीकारणार. मग ते उद्दिष्ट मोकळ्या हवेतले का असेना.

आता स्वीडनविषयी. दक्षिण स्वीडनमधील आल्नार्प येथे तेथील कृषी विद्यापीठाच्या आवारात २००२ मध्ये एक पुनर्वसन-बाग सुरू झाली. पात्रिक ग्रान हे भूदृश्य-रचनेचे अभ्यासक तिच्यामागे होते. त्या देशात दीर्घ ताणातून येणाऱ्या शक्तिहीनतेला २००५ मध्ये निदानांच्या यादीत स्वतंत्र नोंद मिळाली. निदानासाठी किमान सहा महिने ताणाची कारणे असणे आणि मानसिक ऊर्जेचा स्पष्ट अभाव असणे ही मुख्य अट; सोबत स्मरणशक्ती आणि एकाग्रता ढासळणे, घाईत काम न झेपणे, झोप बिघडणे, आवाज असह्य होणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे. तुमचा मुदतठेवीचा अर्ज आणि तुमचा कुकर, दोन्ही या यादीत आहेत. तुम्ही कमकुवत मनाच्या नाही, हे यावरून तुमच्या लक्षात यावे म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे.

आल्नार्पच्या बागेत रुग्ण साधारण १२ आठवडे येतात. त्यांच्यासोबत व्यवसायोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचार करणारी व्यक्ती आणि बागकाम जाणणारा माणूस असा चमू असतो. पहिल्या दिवसांत कोणी काही करावे अशी अपेक्षा नसते. चटई घेऊन झाडाखाली पडून राहायचे असेल तर पडून राहावे, कोणाशी बोलायचे नसेल तर बोलू नये. बागेचे वेगवेगळे भाग आहेत : काही भाग दाट, आडोशाचे आणि जवळजवळ रानटी आहेत, तर काही ठिकाणी वाफे, रोपे आणि काम आहे. माणूस आधी आडोशात राहतो आणि आतून उमेद येईल तसा स्वतःच वाफ्यांकडे सरकतो.

ग्रान यांच्या मांडणीचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. शक्ती अगदी तळाला गेलेली असते तेव्हा माणसांशी संबंध ठेवणे झेपत नाही, कारण प्रत्येक माणूस, अगदी प्रेमाचा माणूसही, उत्तराची अपेक्षा ठेवतो. दगड, पाणी आणि झाड काहीच मागत नाहीत, म्हणून त्यांच्याशी नाते सर्वांत आधी जुळते. मग प्राणी-पक्षी, मग शांत सोबत, आणि शेवटी समूहातले काम. आपल्याकडे नेमका उलटा क्रम लावला जातो : आधी 'चार माणसांत मिसळ', आणि ते जमले नाही की 'मनावर घेत नाहीस' असा ठपका.

यामागचे आणखी एक कारण अवधानाशी संबंधित आहे. मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीव्हन कॅप्लन या दांपत्याने मांडले की आपले अवधान दोन प्रकारचे असते. एक आपण जोर लावून धरून ठेवतो, उदाहरणार्थ हिशेब तपासताना. ते वापरून वापरून थकते. दुसरे आपोआप वेधले जाते, म्हणजे पानांची सळसळ, पाण्यावरचे तरंग किंवा ढग पाहताना. दुसरे चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. घड्याळ लावून पायऱ्या मोजताना मात्र पहिलेच अवधान कामाला लागलेले असते.

प्रत्यक्षात काय करावे, तर पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन वेळा, वीस मिनिटे, एकाच ठराविक झाडाखाली जाऊन फक्त बसावे. फोन घरी ठेवावा किंवा सोबत आलेल्याच्या खिशात द्यावा. पावले मोजू नयेत. आणि थकल्यावर परतू नये, थकण्याच्या आधी परतावे. ही शेवटची गोष्ट कर्तबगार माणसांना सर्वांत अवघड जाते. बागकाम नंतर, तुम्हाला स्वतःहून मातीत हात घालावासा वाटेल तेव्हा.

खाणीकाठी

मी या वाटेने गेलेलो आहे, म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ३९ व्या वर्षी, माझी अवस्था तुमच्यासारखीच झाली होती. काम वेगळे होते, एवढेच. सात महिने मी नोकरीवर जाऊ शकलो नाही.

माझे ठिकाण वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी आहे. दगड काढून तयार झालेल्या त्या खड्ड्यात पाणी साठते आणि उन्हाळ्यातही काही काळ टिकते. सुरुवातीला माझा मेहुणा मला गाडीने वर सोडत असे आणि तीसेक पावलांवर पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसे. त्याने त्या दिवसांत मला एकदाही 'कसे वाटते आहे?' असे विचारले नाही, आणि त्याचे हे उपकार मी विसरणार नाही. मी खडकावर बसून पाण्याकडे पाहत असे. पहिले काही दिवस मला काहीच जाणवले नाही, उलट 'आपण इथे वेळ वाया घालवतो आहोत' अशी टोचणी लागून राहिली. साधारण तिसऱ्या आठवड्यात एकदा एक खंड्या समोरच्या वाळक्या फांदीवर येऊन बसला, सूर मारून पाण्यातून काहीतरी घेऊन गेला, आणि पुन्हा त्याच फांदीवर आला. त्याने ते भक्ष्य फांदीवर तीन-चार वेळा आपटले आणि गिळले. तो उडून गेल्यावर माझ्या लक्षात आले की मधली काही मिनिटे माझ्या डोक्यात कार्यालयातले एकही वाक्य फिरत नव्हते. बऱ्याच महिन्यांनी तसे झाले होते. मी तिथेच रडलो.

पुढे टेकडीवर झाडे लावून जगवणाऱ्या मंडळींशी हळूहळू ओळख झाली. आपल्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड फार झाली. ते झाड लवकर वाढते, पण परके आहे, म्हणून ही मंडळी पळस, बहावा, कडुनिंब, वड अशी देशी झाडे लावतात आणि फेब्रुवारी ते मे या काळात कॅनने पाणी वाहून ती जगवतात. त्यांनी मला एकच रोप नेमून दिले, एक पळस, माझ्या गुडघ्याएवढा. त्याचे आळे नीट करायचे, पालापाचोळा पसरायचा आणि एक कॅन पाणी घालायचे, इतकेच काम. पाणी घातल्यावर कोरडी माती आधी ते वर धरून ठेवते, बारीक बुडबुडे येतात, आणि मग एकदम सगळे पाणी आत ओढले जाते. ते पाहण्यासाठी मी उकिडवा बसून राहत असे. एका आठवड्यात मला जायला जमले नाही, तर दुसऱ्या कोणीतरी पाणी घातले होते. आपण नसलो तरी चालते, आणि तरीही आपण असलेले चांगले असते, हे मला त्या आळ्यापाशी कळले.

दोन सूचना. वेताळ टेकडीवर भल्या पहाटे किंवा अंधार पडताना एकटे जाऊ नका, विशेषतः आडवाटांवर. लूटमारीच्या घटना तेथे घडलेल्या आहेत. आणि रविवारी सकाळी जाऊ नका, कारण त्या वेळी तेथे धावणाऱ्यांची आणि गप्पा मारणाऱ्या गटांची वर्दळ असते.

डॉ_नारायणपेठ

मी कौटुंबिक डॉक्टर म्हणून २६ वर्षे काम करतो आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद मला आवडले, पण काही गोष्टी स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट पुराव्याची. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या नाकाडिया या उपचार-बागेत ताणाने आजारी झालेल्या ८४ जणांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दहा आठवडे बागेतले उपचार आणि दुसऱ्याला विचार-वर्तन पद्धतीचे समुपदेशन मिळाले. दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ बाग ही जादू नाही, पण एका मान्य उपचाराच्या बरोबरीला ती उभी राहू शकली, आणि ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तेथे प्रशिक्षित उपचारक सोबत होते, हे विसरू नये. नुसते उद्यानात जाऊन बसणे म्हणजे तो उपचार नव्हे.

आठवड्याला १२० मिनिटांचा जो आकडा समाजमाध्यमांवर फिरतो, तो इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासातला आहे. तेवढा वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, पण ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच अधिक बाहेर पडतात, हीही शक्यता त्यात राहते. म्हणून जाईची_वेल यांनी १२० मिनिटे भरली की नाही याचा हिशेब ठेवू नये. एक उद्दिष्ट काढून दुसरे लावण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट निदानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामातून येणारे 'बर्नआउट' हे रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेले आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रत्यक्ष कागदावर बहुधा नैराश्य, चिंताविकार किंवा समायोजनाची अडचण असे निदान लिहिले जाते. तुमच्या तज्ज्ञांनी नैराश्य आहे की नाही हे तपासले असेलच, पण पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. झोपेचे औषध मनाने बंद करू नका. जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी संपर्क साधा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

एक मात्र मनापासून सांगतो. माझ्या दवाखान्यात अशा स्थितीत येणाऱ्यांमध्ये घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायका फार आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जणी स्वतःसाठी नव्हे, तर त्या आजारी माणसाच्या औषधांसाठी येतात. तुम्ही स्वतःसाठी प्रश्न विचारलात, याचे मला फार समाधान वाटले.

जाईची_वेल

सर्वांचे उत्तर दोन बैठकांत वाचले आणि खंड्याचा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवला. तुमच्या पळसाला आता किती पाने आहेत, हे कधीतरी नक्की सांगा.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली, मी बाहेर जाऊन नुसती बसले असताना सासूबाईंचे कोण करणार? त्या स्वतः काही बोलत नाहीत, पण मला बसवत नाही. दुसरी, पाऊस आता तोंडावर आला आहे, आणि मी वेताळ टेकडीपर्यंत जाऊ शकेन असे वाटत नाही. दुचाकी चालवायला डॉक्टरांनी सध्या मनाई केली आहे.

वारज्याची_आजी

बाई गं, माझे वय ७१ आहे, म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस. मी माझ्या यजमानांचे सहा वर्षे केले. त्या काळात मी एकदाही बाहेर बसायला गेले नाही आणि ते गेल्यावर दीड वर्ष मीच अंथरुणावर होते. तेव्हा सासूबाईंसाठी म्हणूनसुद्धा तू बाहेर पडायला हवेस.

व्यवस्था अशी कर. ब्युरोकडून पूर्ण दिवसाची नाही, तर आठवड्यातून तीन दिवस सकाळी तीन तासांची मावशी ठेव. पहिल्या आठवड्यात ती असताना तू घरीच राहा, म्हणजे सासूबाईंना तिचा हात ओळखीचा होईल आणि कूस बदलणे, भरवणे तिला नीट जमते की नाही ते तुला दिसेल. ज्या दिवशी मावशी येणार नाही, त्या दिवशी दिरांना बसवावे. पर्वतीवर घड्याळ लावून यायला त्यांना वेळ होता, तर आईजवळ बसायलाही मिळेल.

जागेचे म्हणशील तर कर्वेनगरहून वेताळ टेकडी गाठायची गरजच नाही. वारज्याचे स्मृतिवन तुला जवळ आहे. ती वन खात्याची जमीन पूर्वी उजाड होती, तिथे लोकांनी आणि वन खात्याने मिळून झाडे वाढवली, आणि २०२० च्या पर्यावरण दिनी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने करायचे जाहीर केले तेव्हा याच वनाचे उदाहरण समोर ठेवले होते. मी तिथे जाते. सकाळी नवाच्या सुमारास फिरायला येणारे पांगलेले असतात. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यानही सुंदर आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले. पण तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी फार, तुला सध्या ती सोसायची नाही. एम्प्रेस गार्डनमधले जुने वृक्ष पाहण्यासारखे आहेत, पण रिक्षाने कॅम्पापर्यंत जाण्यातच तुझी शक्ती संपेल. ते दिवाळीनंतर.

पावसाची काळजी करू नकोस. मुसळधार असेल त्या दिवशी गॅलरीत बस. एका करवंटीत माती भरून मेथीदाणे पेर. तिसऱ्या दिवशी माती फोडून ते वर येतात, तेव्हा बियाण्याची साल टोपीसारखी डोक्यावर घेऊन येतात. करवंटी सासूबाईंच्या उशाशीही ठेवता येईल. माझे यजमान बोलू शकत नव्हते, पण कोंब आला की बोट दाखवायचे.

खुरपे_झारी

आजींनी जे लिहिले ते मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना सांगणार आहे.

एका गोष्टीची भर घालते. रजा संपत आली की पूर्ण वेळ एकदम रुजू होऊ नका. अशा पुनर्वसनात कामावर परतणे हा उपचाराचाच भाग मानतात आणि ते टप्प्याटप्प्याने होते. तुमच्या तज्ज्ञांकडून सुरुवातीला अर्धा दिवस, वसुलीऐवजी कमी घाईचे काम, अशी लेखी शिफारस घेऊन ती वेळेआधीच वरिष्ठांकडे द्या. बँक किती मान्य करील हे मला सांगता येणार नाही, परंतु न मागता मिळणार नाही. आणि कामावर परतल्यावरही झाडाखालचे तीन दिवस सोडू नका. बरे वाटू लागले की माणसे नेमकी तीच गोष्ट आधी सोडतात.

खाणीकाठी

पळस आता माझ्या खांद्याच्या वर गेला आहे. पाने मोजलेली नाहीत. अजून फुलला नाही, त्याला आणखी काही वर्षे लागतील.

जाईची_वेल

मावशी सोमवारपासून येणार आहेत. पुढच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊ वाजता, यजमान मला स्मृतिवनात सोडतील आणि फाटकापाशी थांबतील. फोन त्यांच्याकडे राहील. दिरांना सगळा धागा वाचायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि आईच्या खोलीत जाऊन बसले. मेथी काल पेरली आहे.